आजवर मी सिनेमा ऐकत होते!

आधीच कबूल करते, मला सिनेमातलं काही कळत नाही! काही म्हणजे काहीच नाही! दिग्दर्शक नेमकं काय करतो हे मला गेल्या चवथीपर्यंत ठाऊक नव्हतं. आता थोडं थोडं कळायला लागलंय, पण आमच्या गावच्या रामेश्वरासमोर उभं करून विचारलंत तर गप्प बसेन. मी आचऱ्याची, वय ६२, धंदा सोलं, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला. तेव्हा माझ्या यादीवर कुणी शिकल्यासवरल्या माणसाने चिडू नये. चिडलात तर घरी या, सोलकढी देईन. यादी बदलणार नाही!

यादी कसली? वर्षभरात पाहिलेल्या सिनेमांची! ३१ सिनेमे! हो, मोजलेत! वहीत लिहून ठेवलेत! जिने त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात थिएटरात जाऊन धड सात सिनेमे पाहिले नाहीत तिने एका वर्षात ३१! सून म्हणते, "आई, तुम्हाला वेड लागलंय." लागलंयच! आता ऐका.

गेल्या आषाढात माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, श्रावणात डाव्या. पट्टी सुटली, घरी आले आणि बघते तर काय, स्वयंपाकघराची भिंत काळीकुट्ट! मी तिला इतकी वर्षं पिवळी समजत होते! आणि मग अंगणात गेले तर जास्वंद इतकी लाल की मला वाटलं कुणी पोराने रंगवून ठेवली आणि मग माडाच्या झावळीची एकेक पात वेगळी दिसायला लागली आणि मग मी खळ्यात उभी राहून पाती मोजत बसले आणि मग आत चुलीवरची पेज उतू गेली. पण पेजेचं काय एवढं! पाती दिसत होत्या हो!

त्यानंतर चवथ आली आणि मुंबईहून भाचा आला. त्याच्या पिशवीत एक डबा. मला वाटलं लाडू आणलेत. लाडू कसले, प्रोजेक्टर! एवढासा! म्हणाला, "मावशे, ह्यो तुझ्याकडेच ऱ्हवांदे. माझ्या खोलीत कपाटां लावून झाली, मोकळी भिंत खंय उरली?" मुंबईत पगार आहे, प्रोजेक्टर आहे, भिंत नाही! माझ्याकडे भिंतीच भिंती, पण सगळ्या काळ्या, हे मला नुकतंच कळलेलं. मग पांढरी चादर काढली. तिच्या उजव्या कोपऱ्यात हळदीचा एक डाग आहे, सात वेळा धुतला, जात नाही. तो डाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या रात्री भाच्याने लावला 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ सालचा. मी म्हटलं, अरे हा मला तोंडपाठ आहे, दुसरा लाव. आणि खरंच पाठ आहे! पडद्यावरच्या माणसाआधी मी बोलत होते! पण दहा मिनिटं झाली असतील नसतील, मी एकदम गप्प झाले. कारण संवाद सगळे पाठ, पण चेहरे अनोळखी! लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती पदर कसा सावरते, ते मी कधी पाहिलंच नव्हतं! तिच्या साडीचा रंग माहीत नव्हता! सगळे हसतात तिथे मी आयुष्यभर हसत आले, पण सगळे ज्याला हसत होते ते मला त्या रात्री दिसलं!

आणि मग लख्ख डोक्यात आलं. टीव्ही ओटीवर. मी आत. दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा तेव्हा ओटीवर सासरे, दीर, पोरं, शेजारपाजार, आणि मी आत खोबरं किसतेय, माशे कापतेय, भाकऱ्या थापतेय आणि कान बाहेर. कुणी "अगे बग बग" म्हणून ओरडलं की पिठाचे हात तसेच घेऊन दारापर्यंत धावायचं, आणि पोचेपर्यंत ते झालेलं असायचं. आजवर मी सिनेमा ऐकत होते! बघितला नव्हताच! तुम्ही हसताय. जरा तुमच्या आईला विचारा, तिने किती सिनेमे बघितले आणि किती ऐकले. विचाराच!

बस्स. तिथून सुरुवात.

पावसाळा होता तोवर माजघरात, दिवाळीनंतर खळं सारवून झालं की खळ्यात. दर शनिवारी. पहिल्या शनिवारी आम्ही चौघी, तिसऱ्याला चौदा जणं, आणि मग शेजारचे आबा आले आणि मग आबांची खुर्ची कायमची आली आणि मग कुणीतरी चणे आणायला लागलं आणि मग एका कुत्रीने पडद्यामागे पिल्लं घातली. आबा म्हणजे आमच्या वाडीतले जुने दशावतारी. तेवीस वर्षं द्रौपदी केली त्यांनी. त्यांना सिनेमा आवडत नाही असं ते दर शनिवारी येऊन सांगतात.

यादी करायची ठरली तेव्हा पहिलं भांडण झालं ते मोजायचं कशात यावर. बारावीतली शेजारची मुलगी म्हणाली, तारे द्यायचे, पाच पैकी. आबा म्हणाले, तारे कित्याक, हय कोण ज्योतिषी आसा? शेवटी माशांवर ठरलं. इसवण म्हणजे सगळ्यात वर (तुम्ही सुरमई म्हणता ती). मग सरंगा, म्हणजे तुमचं पापलेट. बांगडा म्हणजे रोज वाढला तरी कंटाळा येणार नाही असा. तारली म्हणजे स्वस्त आणि मस्त. आणि कर्ली! कर्ली म्हणजे काटेच काटे, सावकाश खावी लागते, घाई केली की घशात अडकते, पण ज्याला जमली त्याला दुसरं काही नको! नंबर देण्यापेक्षा हे किती सोपं! चार सिनेमे पार तळाला, सुक्या जवळ्यात गेले. त्यांची नावं घेत नाही, त्यात एक फार मोठ्या नटाचा आहे.

आता खरी गंमत. भाच्याने फोनवरून सांगितलं, मावशी, इराणी सिनेमा बघ. मी म्हटलं, इराणी म्हणजे मुंबईतला चहावाला? तर नाही! 'चिल्ड्रन ऑफ हेवन', १९९७ सालचा, माजिद माजिदी यांचा. भाषा फारसी, खाली इंग्रजी अक्षरं धावतात. मला इंग्रजी वाचता येतं, पण अक्षर लागेपर्यंत पळून जातं. मग त्या बारावीतल्या मुलीला पुढे बसवलं आणि ती वाचून मोठ्याने सांगायला लागली. आणि कुठल्या भाषेत? मालवणीत! तेहरानमधला बाप आपल्या पोरीला म्हणतो, "चेडवा, माका साखर आणून दी!" खळं हसून हसून लोळलं! पण पाच मिनिटांनी कुणी हसेना. कारण तो बाप खरोखरच आमच्या वाडीतला वाटायला लागला.

गोष्ट एवढीच की भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, बापाकडे पैसे नाहीत. मग दोघं एकच जोड वापरतात. सकाळी ती शाळेत, मग पळत यायचं, गल्लीत बूट बदलायचे, मग तो पळत शाळेत. बस! याच्यावर अख्खा सिनेमा! आणि मग शाळांची धावण्याची शर्यत निघते आणि तिसऱ्या नंबरला बक्षीस असतं बुटांचा जोड आणि मग हा पोरगा धावतो तो तिसरा येण्यासाठी! पहिला नाही, तिसरा! आणि शेवटी शेवटी तो पुढे जायला लागतो आणि आमच्या खळ्यात एकच ओरडा, "मागे रव रे झिला! मागे रव! पयलो येव नको!" आबा खुर्चीतून उठले! धावणाऱ्याने हळू धावावं म्हणून ६० माणसं ओरडतायत असं तुम्ही कधी पाहिलंय? बरं, ६० नव्हतो, २२ होतो. पण आवाज ६० जणांचा होता!

पुढे काय झालं ते सांगणार नाही. सरंगा! एकमताने सरंगा!

त्या रात्री आबा म्हणाले, हे वाचून सांगणं काही नवीन नाही. मूकपटाच्या काळात पडद्यावरच्या पाट्या वाचून दाखवायला माणूस उभा राहायचा. आणि त्याच्याही आधी आपल्या कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथी करायची. हाताने रंगवलेली रामायणाची चित्रं एकामागून एक पुढे करायची आणि गाऊन गोष्ट सांगायची. अहो, म्हणजे सिनेमाच की! पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना त्या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी पेपरात बातमी वाचली होती आणि घडी घालून त्यावर मसाला वाळत घातला होता. आता लाज वाटते. जाऊन आले मग पिंगुळीला! चित्रं पाहिली! त्यातल्या माणसांचे डोळे एवढाले मोठे! मला एकदम माझे ऑपरेशननंतरचे डोळे आठवले.

बरं, आता 'चेम्मीन'. नावाचा अर्थ काय असेल सांगा? कोळंबी! आमची सुंगटां! सुंगटांच्या नावाचा सिनेमा आहे आणि मला कुणी सांगितलं नाही! १९६५ सालचा, मल्याळी, रामू करियात यांचा, तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवरचा. दक्षिणेतल्या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते पहिल्यांदा यालाच. संगीत सलील चौधरींचं. हे सगळं भाच्याने सांगितलं. मला दिसलं ते वेगळंच. किनारा! होड्या! टोपल्या घेतलेल्या बायका! माझ्या घरून दहा मिनिटांवर जी रापण ओढतात तिथलीच माणसं जणू नाव बदलून तिकडे गेलीत! वाळूत पाय रुतवून चालायची ती तऱ्हा, टाच आधी नाही, बोटं आधी, ती आमचीच! मी ओरडलेच, "अगो, ही तर आमचीच चाल!"

पण या सिनेमावर खळ्यात जे भांडण पेटलं! त्यात एक समजूत आहे. नवरा दर्यात असताना घरी बायकोचं वागणं चोख असेल तरच समुद्र त्याला सुखरूप परत पाठवतो. मुलीने हे वाचून सांगितलं आणि माझ्या मागून आवाज आला. मासे विकणारी आमची एक जण, पन्नाशीची, कधी फार बोलत नाही. म्हणाली, "बायल घरात कशी वागता त्येच्यावर होडी बुडता? मगे घोव दर्यात कसो वागता त्येच्यावर चुलीवरचो भात करपाक व्हयो!" टाळ्या! पुरुष मंडळी पडद्याकडे बघत बसली, फार लक्ष देऊन. सिनेमा चालूच होता आणि अर्धं खळं भांडत होतं आणि मग एका म्हाताऱ्याने सांगितलं की असंच काहीबाही आपल्याकडेही जुनी माणसं बोलायची आणि मग भांडण दुप्पट झालं आणि मग मला कळलं की सिनेमा बोलला की माणसं पण बोलतात, जी एरवी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. माझा यावर निकाल: त्या समजुतीशी मी सहमत नाही, सिनेमाशी आहे. बांगडा दिला. मासेवालीने निषेध म्हणून जवळा लिहायला लावला. वहीत दोन्ही आहेत.

केरळचाच आणखी एक, 'कुंबलंगी नाइट्स', २०१९ चा, मधु सी. नारायणन यांचा. चार भाऊ, पडकं घर, खाडी. त्यातला फहाद फासिल आरशासमोर उभा राहतो, मिशी न्याहाळतो, आणि आरशावर बायकोने चिकटवलेली टिकली दिसते ती ब्लेडने खरवडून काढतो. एवढंच! एक टिकली! आणि माझ्या अंगावर काटा! कारण माझ्याही आरशावर तीन टिकल्या आहेत आणि त्या कुणी खरवडल्या तर मला काय वाटेल ते मला त्याच क्षणी कळलं. हा माणूस कसा आहे हे सांगायला दिग्दर्शकाला एकही शब्द लागला नाही! (बघा, दिग्दर्शक काय करतो ते कळायला लागलंय की नाही!) आणि त्यात रात्रीचं पाणी निळं चमकतं ते पाहून सगळी पोरं ओरडली, कारण आमच्या किनाऱ्यावरही काही रात्री लाटा तशा चमकतात. सरंगा.

दमलात? थांबा! अजून 'कोर्ट' राहिलाय!

'कोर्ट' चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१५ साली थिएटरात आलेला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. एका लोकशाहिरावर खटला चालतो. गटारात उतरून काम करणाऱ्या कामगाराला म्हणे त्याच्या गाण्यामुळे आत्महत्या करावीशी वाटली! आता यात आरडाओरडा, टेबलावर मुठी आपटणं, "मिलॉर्ड" वगैरे असेल म्हणून आम्ही सरसावून बसलो. काही नाही! कॅमेरा हलतच नाही! तारीख पडते. पुन्हा तारीख पडते. लोक जांभया देतात, म्हणजे सिनेमातले, आणि मग आमचेही. पहिली वीस मिनिटं मी स्वतःला शिव्या घातल्या. आणि मग ती सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी, कोर्टातून निघते, गाडी पकडते, घरी येते आणि स्वयंपाकाला लागते. मी ताठ बसले! दिवसभर एका माणसाला तुरुंगात टाकायच्या गोष्टी बोलून आलेली बाई, आणि तिचा हात कसा सराईत चालतोय! वाईट बाई नाहीच ती! माझ्यासारखीच आहे! हे फार भयंकर वाटलं. अजून वाटतं.

आणि मग झाली फजिती. आमच्या खळ्यात सिनेमा संपल्याची एक खूण आहे. पडदा काळा झाला की तो हळदीचा डाग दिसेनासा होतो. एरवी प्रत्येक सिनेमात उजव्या कोपऱ्यात पिवळा सूर्य असतोच, तेहरानला असतो, केरळात असतो, कोर्टात असतो. पोरं म्हणतात, "सूर्य बुडालो, पिच्चर संपलो." तर 'कोर्ट'मध्ये कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात आणि शिपाई एकेक दिवा घालवतो. एक गेला. दुसरा गेला. सगळं काळं! सूर्य बुडाला! आम्ही उठलो, चटया गुंडाळल्या, कुणी चपला शोधतंय, आबा बॅटरी घेऊन पार पाणंदीत पोचले आणि मागे एकदम उजेड! सिनेमा चालूच! न्यायाधीश सहलीला निघालेत! "आबा, फिरा! फिरा! संपाक नाय हां!" आबा परत आले, बसले, शेवटपर्यंत पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाले, "कर्ली." फक्त एवढंच. कर्ली लिहिलं.

'दशावतार'ची गोष्ट मात्र चादरीवरची नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तो लागला आणि अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा विषय नाही! सुबोध खानोलकर यांचा सिनेमा, आपल्या कोकणातला, आणि बाबुली मेस्त्री झालेत दिलीप प्रभावळकर. वय त्यांचं तेव्हा ८१! ८१! मी ६२ व्या वर्षी गुडघे धरून उठते! आम्ही नऊ जणांनी मॅजिक गाडी ठरवली आणि कणकवली गाठली. आबा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. सगळ्या रस्त्याभर ऐकवत होते, खोटां दाखवतले, बघ तू, खोटां दाखवतले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्याकडे जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो तो पहाटेपर्यंत. संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतात. रंग ज्याचा त्याने लावायचा. बाईचं काम पुरुषच करतो. तर थिएटरात आबांच्या शेजारी मी बसले होते आणि पडद्याकडे कमी, आबांकडे जास्त बघत होते. बाबुलीची नजर अधू होत चाललीय, मुलगा म्हणतो, पुरे करा आता. आणि मग पडद्यावर तो म्हातारा रंग लावायला बसतो आणि मग आबांची बोटं मांडीवर हलायला लागली. कपाळावरून नाकापर्यंत एक रेघ, मग गालावर. मांडीवर! अंधारात! त्यांना स्वतःला कळत नव्हतं! मी पडदा सोडून ती बोटं बघत बसले. माझ्या वर्षभरातल्या सिनेमांतला सगळ्यात चांगला प्रसंग थिएटरात घडला, पण पडद्यावर नाही.

बाहेर आलो. आबा काय म्हणाले? "शेवट लांबवल्यानी." बस!

परतताना रात्र झालेली. आमच्या गावात गावपळण असते ठाऊक आहे ना? रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खा गाव, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं सगळी घेऊन वेशीबाहेर. चौथ्या दिवशी परत यायचं. आणि तेव्हा आपलंच घर असं नवीन दिसतं! उंबरठा एवढा उंच होता? तुळस इकडे होती? त्या रात्री तिठ्यावर मॅजिकमधून उतरले तेव्हा नेमकं तसंच झालं. बंद दुकानं, एक बल्ब, बाकावर झोपलेला एक माणूस. रोजचा तिठा! मी पाच मिनिटं बघत उभी! सून म्हणाली, चला आता. दशावतार: बांगडा. आबांच्या बोटांना इसवण.

तुमच्या एक लक्षात आलं का? बाबुलीचे डोळे. 'श्वास'मध्येही डोळे! तोही कोकणातलाच आजा, नातवाच्या डोळ्यांत कर्करोग, शहरात घेऊन येतो, आणि डॉक्टर सांगतात की जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. संदीप सावंत यांचा, २००४ चा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला पहिल्या नंबरचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिलं त्याने. आजा ठरवतो, ऑपरेशनआधी पोराला एक दिवस सगळं दाखवायचं. एक दिवस! तो मी एकटीने पाहिला, दुपारी, दारं लावून. सारखी उठून उजेडात जायची, झावळीकडे बघायची, परत येऊन बसायची. त्याला मासा दिला नाही. देववला नाही.

घाई करते हं, तुमचा चहा निवला असेल. 'किल्ला' सरंगा, त्यातल्या भर पावसातल्या किल्ल्यात एकटं पडलेल्या पोरासाठी. अविनाश अरुण यांचा, बर्लिनला मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला स्फटिकाचं अस्वल दिलं. परीक्षक मुलं! आमच्या खळ्यातली पोरं तेव्हापासून स्वतःला परीक्षक समजतात. 'तुंबाड' तारली, कारण मी अर्धा पदराआडून पाहिला, त्यामुळे मत द्यायचा अधिकार नाही. आणि 'संत तुकाराम'! १९३६! प्रभातचा! विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम, १९३७ साली व्हेनिसला जाऊन गौरव मिळवलेला. सगळे तुकारामाला हात जोडून बसलेले आणि मी बघतेय जिजाईला! गौरी नावाच्या नटीने केलीय. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि ही बया हातात वहाण घेऊन थेट देवळात! विठोबाला जाब विचारायला! नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा आणि ती चालत येते ती थेट माझ्या अंगणातून आल्यासारखी! सोनं हो, सोनं! आबा म्हणाले, इसवण, पयलो नंबर, विषय संपलो.

विषय संपला नाही!

पहिला नंबर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'! परेश मोकाशींचा, २००९ सालचा. दादासाहेब फाळक्यांची गोष्ट. ख्रिस्तावरचा सिनेमा पाहिला आणि माणूस येडा झाला! (अगदी माझ्यासारखा! आता मी फाळक्यांच्या पंगतीत बसते, हसा!) पुन्हा पुन्हा सिनेमे पाहून डोळे गेल्यात जमा. बघा, इथेही डोळे! विमा गहाण टाकला. १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना थोडा थोडा टिपत एक चिमुकला सिनेमा केला. वाटाण्याचा! मी रोज वाटाणे भिजत घालते! आणि मग ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र'.

तारामतीचं काम करायला बाई मिळेना. एकही! शेवटी अण्णा साळुंके म्हणून हॉटेलात स्वयंपाक करणारा एक पोरगा, त्याला लुगडं नेसवलं. आबांनी मांडीवर थाप मारली, "बघ! पयली हिरॉइन पण आमच्यातलीच!" मी म्हटलं, थांबा, पुढे ऐका. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पण केला आणि सीता पण. आबा गप्प. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दोगांय? मगे पैशे दोगांचे घेतल्यान काय?"

पण मला पहिला नंबर द्यायला लावला तो साळुंक्यांनी नाही. सरस्वतीबाईंनी. फाळक्यांची बायको, सिनेमात विभावरी देशपांडे. या बाईने दागिने दिले, ठीक, बायका देतात. सगळ्या नटमंडळींचं जेवणखाण केलं, ठीक, तेही करतात. पण त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडलेली नसायची. ती एकेक करून, अंधारात पाडावी लागायची, उजेड लागला की फिल्म वाया. आणि ती भोकं या बाईने पाडली! दिवसभर चूल, रात्री अंधारात बसून भोकं! म्हणजे ओटीवर सगळे जो सिनेमा बघत होते, तो अगदी पहिल्यापासून आतल्या बाईच्या हातून गेलेला होता! आणि मी खोबरं किसत कान लावून बसले होते, जणू आपला काही संबंध नाही! मी त्या रात्री झोपले नाही. उठून प्रोजेक्टर पुसला.

इसवण. पेनाने लिहिलंय, पेन्सिलने नाही. दुसरा 'संत तुकाराम', आबांचा निषेध नोंदवून. तिसरा 'चिल्ड्रन ऑफ हेवन', आणि त्याला तिसराच नंबर का, ते तुम्हाला कळलं असेलच! चौथा 'कोर्ट'. पाचव्यासाठी 'किल्ला' आणि 'कुंबलंगी नाइट्स' यांच्यात पोरं आणि मोठी माणसं समसमान आहेत, बावीस जणांत अकरा-अकरा, आणि एक मत कमी पडतंय.

तेव्हा दोन्ही बघा आणि शनिवारी या. आचरा तिठ्यावर उतरून सोलंवाल्या काकींचं घर विचारा, कुणीही सांगेल. आठला सुरू होतो, लाइट असली तर. चटई आपली आपण आणायची. आबांच्या खुर्चीवर बसायचं नाही.